उजवीकडून डावीकडे

प्रेमलाबाईंनी चपट्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळलं, गाडीच्या दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीत तो सारला आणि मनगटाला हिसका दिला. पट्टी निघाली. कार्पेटच्या कडेला सगळ्या वायरी एकत्र करकचून बांधलेल्या होत्या.

"वाटलंच होतं," त्या पुटपुटल्या.

"जावयाची गाडी सोलताय का?" सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर पिशवी घेऊन पार्किंगमध्ये थबकले.

"तुम्ही भाजीला निघालात ना? मग या जाऊन."

ते गेले. प्रेमलाबाई गुडघ्यांवर बसल्या. कालचं हसणं अजून कानात होतं.

जावयाने, पियुषने, हौसेने छोट्या गाडीत नवे स्पीकर बसवून घेतले होते. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यात बारीक शिट्टी वाजायची. काल तक्रार घेऊन तो, लेक उत्कर्षा आणि प्रेमलाबाई कर्वेनगरातल्या त्या दुकानात गेले. प्रेमलाबाई फिटरला म्हणाल्या, "बॅटरीची वायर आणि गाण्याची वायर एकाच बाजूने ओढल्यात, म्हणून शिट्टी येते. एक उजवीकडून ठेवा, दुसरी डावीकडून घ्या."

फिटरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सर, काकूंना उन्हात कशाला उभं केलंत? आत पंखा आहे."

पियुष हसला. त्याचं एक वेळ ठीक. पण उत्कर्षाही हसली. ती पोटची पोर. बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात वायरी जोडून आईने तिला इंजिनिअर केलं होतं. बाहेरून स्वस्त सेट आले, कारखाना बंद पडला, तेव्हा उत्कर्षा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला सगळं ठाऊक होतं. तरी हसली.

प्रेमलाबाईंनी वायरींचे बंध कापले. बॅटरीची जाड लाल वायर उजवीकडेच राहू दिली. गाण्याच्या दोन काळ्या वायरी ओढून काढल्या, स्टिअरिंगपासून दूर डाव्या बाजूला घेतल्या, पट्टीखालून सरकवत मागच्या सीटखाली नेल्या. कंबर भरून आली. दुपारी उत्कर्षा खाली आली, तेव्हा त्या शेवटची पट्टी दाबून बसवत होत्या.

"आई! हे काय करतेस?"

"बस आत. चावी फिरव."

उत्कर्षाने गाडी सुरू केली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाणं स्वच्छ वाजलं. ती आईच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली.

संध्याकाळी पियुष उत्कर्षाच्या टीम लीडला, दत्तप्रसादला, स्टेशनवरून त्याच गाडीने घरी घेऊन आला. प्रेमलाबाई आत चहा टाकत होत्या.

"आवाज काय क्लीन आहे रे," दत्तप्रसाद म्हणाला.

"दुकानात फोन करून झापलं मी काल. आज माणूस पाठवून करून दिलं त्यांनी. ऐकवल्याशिवाय कामं होत नाहीत."

प्रेमलाबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "माणूस? कुठला माणूस?"

उत्कर्षा कप मांडत होती. "मीच तसं सांगितलं त्याला. काल तो हसला होता ना तुला. आता त्याला उगीच ओशाळल्यासारखं झालं असतं."

"आणि मी?"

उत्कर्षाने पुढचा कप उचलला.

"मला दुकानात बाजूला सारलं, ते परक्याने. तू तर घरात सारलंस." "ऑफिसातही असंच करतेस का? आपलं काम दुसऱ्याच्या नावावर?"

उत्कर्षाच्या हातातला कप बशीवर वाजला. तिने चटकन हॉलच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रेमलाबाई त्या खाली गेलेल्या मानेकडे बघत राहिल्या. त्यांनी चहा गाळला आणि ट्रे तिच्या हातात दिला.

बाहेर कप ठेवल्याचे आवाज आले. मग उत्कर्षाचा.

"पियुष, दुकानातून कुणी आलं नव्हतं. वायरी आईने बदलल्या. एकटीने."

"काय सांगतेस!" पियुष हसला. पण त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

"खरंच. मी खोटं सांगितलं तुला." ती पाहुण्याकडे वळली. "दत्तप्रसाद, मागच्या महिन्यात तू क्लायंटला पाठवलेलं ते डिझाइन मी केलं होतं. त्यावर माझं नाव का नव्हतं?"

आत प्रेमलाबाईंनी नळ बंद केला. उत्तर ऐकायला त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.