एक कॉइन, एक ताट

बेंगळुरूत यशवंतपूरच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत कस्तुराबाईंची खानावळ आहे. बाई चिकोडीकडच्या, घरात मराठी, दारात कन्नड आणि रागात दोन्ही. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं नि शेंगाचटणी खायला यार्डातले हमाल यायचे, तशीच आसपासच्या ऑफिसांतली पुण्या-नागपूरची पोरंही यायची. पण गल्लीत बाईंचं नाव होतं ते भाकरीपेक्षा कुपनामुळे. गुलाबी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर रबरी शिक्का आणि बाईंची वाकडी सही. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, कुपनांची गड्डी घ्यायची, एक कूपन दिलं की एक ताट.

हे कूपन खानावळीबाहेरही चालायचं. भाजीची गाडी लावणारा नागोजी वांग्यांचे अर्धे पैसे रोख घ्यायचा नि अर्ध्याची कुपनं, कारण दुपारी त्याला तिथंच जेवायचं असायचं. त्याच्याकडची कुपनं चहावाल्याकडे जायची, चहावाल्याकडून न्हाव्याकडे. बाईंनी ताट दिलं नाही तर काय, असा प्रश्न अठरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. येणार कसा? कूपन परत फिरवायचं नाही, हा बाईंचा नेम. एक हमाल गावी गेला तो चार वर्षांनी उगवला, खिशात हळदीचे डाग पडलेलं कूपन घेऊन. ते घेतलं तेव्हा ताट पन्नास रुपयांना होतं, आता नव्वदला. बाईंनी कूपन उलटंसुलटं करून बघितलं, सही आपलीच आहे म्हणाल्या आणि त्याला पोटभर वाढलं. ही गोष्ट यार्डात वर्षभर सांगितली गेली, आणि बाईंनाही ती ऐकायला आवडायची.

आवडायची, तिथंच घात झाला. शार्दूल नावाचा पुण्याचा एक पोरगा तीन वर्षं तिथं जेवत होता. हुशार, गोडबोल्या, ताटात कधी काही न टाकणारा. एकदा न्हाव्याच्या दुकानात दाढीचे पैसे कुपनानं चुकते होताना त्यानं पाहिले आणि धावतच आला.

"अक्का, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? सिरियसली, ही करन्सी आहे! लोक क्रिप्टोवर एवढी लेक्चर्स देतात, की रोजच्या खरेदीला ती कुणी वापरत नाही म्हणून. तुमच्या गल्लीत ती ऑलरेडी वापरतायत, फक्त पुठ्ठ्यावर! आपण हेच फोनवर आणू, कुपनाऐवजी कॉइन."

"मग पुठ्ठ्यावर बरं हाय की. ते फोनात घालून काय व्हतंय?"

"पुठ्ठा भिजतो, हरवतो. उद्या कुणी खोटा शिक्का मारला तर? कॉइन कुणाला नकली करता येत नाही. दोन हजारच काढायचे. चहा, दाढी, भाजी, सगळं त्याच्यावर. उद्याचा पैसा हाच आहे अक्का, आणि सुरुवात तुमच्यापासून."

आपल्या सहीला कुणी इतका मान दिला की माणूस जरा फुगतो, आणि बाई काही दगडाच्या नव्हत्या. शिवाय त्यांना वाटलं, कूपनच तर आहे, फोनातलं. शार्दूलनं दारावर लावायला बोर्ड आणला. त्यावर लिहिलं होतं, एक कॉइन, एक ताट. खाली बाईंचं नाव. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "शेवटी 'कधीबी' घाल. आमचं कूपन कधीबी चालतंय." शार्दूलनं तिथल्या तिथं पेन काढून 'कधीही' असं लिहिलं. त्या शब्दाचा त्याला एवढा आनंद का झाला, हे बाईंना तेव्हा उमगलं नाही.

पहिला महिना मजेत गेला. फोन पुढे करायचा, चौकोन स्कॅन करायचा, मग एक चक्र गरगर फिरत राहायचं. दोनदोन मिनिटं लागायची. मागं उभे असलेले हमाल म्हणायचे, अहो तोवर आमची भाकरी खाऊन होते. पण चहावाल्यानं कॉइन घेतले, न्हाव्यानं घेतले, कुरकुर करत नागोजीनंही थोडे घेतले.

मग कॉइनचा भाव चढायला लागला. नव्वदचे एकशे चाळीस झाले, एकशे चाळीसचे दोनशे तीस. कुठं चढतोय, कोण चढवतंय, काही पत्ता नाही. फोनात हिरवी रेघ वर जाताना दिसायची एवढंच. आणि गंमत बघा, ज्या दिवशी कॉइन महाग झाला त्या दिवसापासून तो कुणी खर्च करेना. न्हावी एका हातात वस्तरा नि एका हातात फोन घेऊन बसायचा. चहावाला उकळत्या चहाकडे पाठ करून रेघ बघायचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. एका दुपारी वेदांत नावाचा एक पोरगा, अकरा कॉइन खिशात असलेला, बाईंना म्हणाला, "अक्का, आजचं ताट उधार लिहा ना. कॉइन आत्ता मोडवत नाहीत."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. पोटात भूक, हातात पैसा, आणि हा माणूस उधार मागतोय. जो खर्च करवत नाही तो पैसा कसला? त्यांना पहिल्यांदा त्या फोनांची शिसारी आली. तरी त्यांनी त्याला वाढलं.

पुढं काय झालं ते नागोजीच्या भाचीनं, हर्षितानं, शोधून सांगितलं. ती कॉम्प्युटर शिकते. शार्दूलनं दोन हजार म्हणून सांगितले होते आणि नाणी पाडली होती एक लाख. बाकीची स्वतःकडे ठेवली, भाव दोनशे तीसला गेल्यावर चोरपावलांनी बाजारात विकली. 'मागे खऱ्या खानावळीची हमी, कधीही एक ताट' अशी जाहिरात करून, बोर्डाच्या फोटोसकट. सगळी विकून झाली तशी ती हिरवी रेघ लाल झाली आणि आठवड्यात कॉइन सात रुपयांवर आला.

सात रुपयांत नव्वदचं ताट! हे कळायला बेंगळुरूला एक सकाळ पुरली.

पहिल्या दिवशी तीनशे माणसं आली. कोण जयनगरहून, कोण होसकोट्याहून, काही तर टॅक्सी करून. दीडशे माणसांची ती खानावळ. भाकऱ्या थापणाऱ्या धनलक्ष्मीच्या तळहाताला फोड आले. संध्याकाळी नागोजी म्हणाला, "अक्का, बोर्ड काढा. त्या पोरानं फसिवलंय. तुमाला कोण नावं ठेवणार न्हाई."

"त्याचं नाव न्हाई रे बोर्डावर. माझं हाय," बाई म्हणाल्या. "आज ह्याला न्हाई म्हणलं, तर उद्या तुझं कूपन कशाला खरं?"

बोलल्या ते खरंच होतं. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? ना जागा मालकीची, ना मागं कुणी. अठरा वर्षांची एक सही. तिच्यावर यार्ड जेवायचा, नि तिच्यावरच नागोजी वांगी द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेतले मागे टाकलेले पैसे काढून ज्वारीची पोती आणली आणि वाढत राहिल्या. वाटलं, एक लाख काही सगळे येणार नाहीत. लोक आहेत, लाज असते लोकांना.

लाज! तिसऱ्या दिवशी ती कितीशी असते ते दिसलं. आलेल्यांपैकी निम्म्यांना जेवायचंच नव्हतं. आपले बुडालेले पैसे वसूल करायचे होते. पाचपाच ताटं घ्यायची, एकाचे फोटो काढायचे, वांग्यात बोट घालून चव बघायची आणि बाकीचं तसंच सोडून उठायचं. एकजण तर भाकरीवर फोन टेकवून स्वतःचं चित्रीकरण करत होता. कहर म्हणजे टोपी घातलेल्या एकानं दारासमोरच टेबल टाकलं. आतून सातच्या कॉइनवर ताटं न्यायची, डब्यात भरायची आणि बाहेर पन्नासला विकायची. रांग एवढी लांब की खांद्यावर पोती वाहून आलेले बाईंचे स्वतःचे हमाल, त्यांचीच भाकरी त्या टोपीवाल्याकडून विकत घेऊन फुटपाथवर बसून खात होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळातच राहतो. बिळाचं भाडं काही लावत नाही.

तीन वाजता टोपीवाल्याचं टेबल उठलं. न खपलेले डबे त्यानं गटारात पालथे केले आणि रिकामे डबे झटकून पिशवीत भरले. बाई भाजीचं पातेलं धुवायला बाहेर आल्या होत्या. गटाराच्या काळ्या पाण्यावर चाळीसेक भाकऱ्या तरंगत होत्या, काही फुगून फाटल्या होत्या, वांग्याचं तेल कडेनं पसरलं होतं.  बाई भिंतीला हात लावून ओकल्या. पोटात सकाळपासून काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडलं.

तोंड धुऊन आत आल्या, तर शार्दूल बसलेला. नेहमीच्याच जागेवर, बाह्या दुमडून.

"अक्का, केवढी गर्दी! मी म्हटलं होतं ना, फूटफॉल वाढेल."

"किती इकलास रे?" बाईंनी विचारलं.

"अक्का, ते मार्केट आहे. कुणावर जबरदस्ती नव्हती. आणि टेक्निकली, 'कधीही' हा शब्द तुमचा होता." तो हे अगदी शांतपणे बोलला, जणू हिशेबाच्या तासाला गुरुजी मुलाला चूक दाखवतायत. मग म्हणाला, "एक ताट लावता? सकाळपासून कॉलवर आहे. आता शहाळेवाल्यांसाठी करतोय असंच काहीतरी."

बाईंनी ताट लावलं. का लावलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हात सवयीनं चालला. ताट समोर ठेवल्यावर शार्दूलनं फोन काढला आणि भिंतीवरच्या दुसऱ्याच चौकोनाकडे धरला, बँकेच्या. नव्वद रुपये आल्याचं यंत्र मोठ्यानं बोललं.

"कॉइन न्हाई?" बाई म्हणाल्या.

"छे, तो आता डेड आहे अक्का. रुपये घ्या, तुमचं नुकसान नको."

बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात दारुडे बघितले होते, बुडवे बघितले होते, रात्री येऊन पातेली पळवणारे बघितले होते; त्या सगळ्यांच्या डोळ्यांत कुठंतरी आपण वाईट केलंय याची चोरटी नजर असायची. ह्याचे डोळे नितळ होते. तो भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावत होता.

त्यांनी त्याच्या हाताखालून ताट ओढलं. "ऊठ," म्हणाल्या. "तुझे नव्वद घेऊन ऊठ. माझ्या उंबऱ्यात परत पाय घातलास तर पलिता घालीन तोंडात."

मग खुर्चीवर चढून त्यांनी बोर्ड उचकटला आणि रांगेकडे वळून कन्नडमध्ये नि मराठीत सांगितलं की आजपासून कॉइन चालणार नाही.  मग आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, लिहून दिलंय तुम्ही. कुणी म्हणालं, म्हातारी चोर आहे. दहावीस फोन एकदम वर झाले आणि खुर्चीवर उभ्या, केस सुटलेल्या, हातात बोर्ड धरलेल्या कस्तुराबाई त्या फोनांतून गावभर गेल्या. खाली लिहिलं होतं, शब्द फिरवणारी अक्का. शार्दूल तोवर मागच्या दारानं निघून गेला होता. त्याचं नाव कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजीची गाडी नेहमीच्या वेळेला आली. बाईंनी वांगी निवडली, मेथीच्या चार जुड्या घेतल्या, अर्धे पैसे मोजले आणि अर्ध्याची कुपनं पुढे केली. नागोजीनं पैसे घेतले. कुपनांकडे बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "सगळं रोख द्या की आज."

"का रे?"

"काय न्हाई. घरात म्हणालेत. फोनवर ते बघितलं न्हवं का सगळ्यांनी." त्याला वर बघवत नव्हतं. कमरेच्या पिशवीतून त्यानं रबर लावलेली जुनी गड्डी काढली. एकतीस कुपनं होती. "आणि ही बी घ्या. त्याचं बी रोख दिलासा तर बरं व्हईल. राग मानू नका. मला तुमच्यावर भरवसा हाय, पण आमचं पोट हातावर हाय."

भरवसा आहे म्हणणाऱ्यानंच गड्डी पुढे केली होती. बाईंना राग आला नाही. नागोजीचं काही चुकलं नव्हतं. कालपर्यंत त्या सहीला कुणी प्रश्न विचारला नव्हता, आणि आता विचारला गेला होता, एवढंच. त्यांनी गड्डी घेतली, गल्ल्यातून पैसे मोजले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"स्वल्प थांबा अक्का," धनलक्ष्मी आतून म्हणाली. "चूल पेटवू ना? लोकं आलेत बघा."

बाईंनी दाराबाहेर बघितलं. चहावाला होता, न्हावी होता, मागं यार्डातले हमाल, ओळीनं, पार कोपऱ्यापर्यंत. अठरा वर्षं ज्यांना वाढलं ते सगळे. सकाळचे आठ वाजले होते. प्रत्येकाच्या हातात गुलाबी कुपनं होती, आणि त्यांतलं कुणीही जेवायला आलेलं नव्हतं.