सर्जेरावांचं पोवळं

कोंबडीचं हाड चोखून पांढरं केल्यावर इंद्रजितनं ते बोटीच्या कठड्यावरून समुद्रात भिरकावलं आणि बोटं चड्डीला पुसली.

"भिमा, बघ, तुझ्या माशांच्या जेवणाची सोय केली!" तो ओरडला, तसे बोटीवरचे बाकीचे दुकानदार खदाखदा हसले.

भिमा हसला नाही. सकाळपासून त्याला मळमळत होतं. आयुष्य पाण्यात काढलेल्या माणसाला बोट काय लागणार? त्याला ही माणसं लागली होती.

थायलंडच्या त्या बेटाजवळ नांगर टाकून बोट उभी होती. बेटावर घर नाही, माणूस नाही. पांढरी वाळू, गर्द झाडी आणि तळ दिसावा असं निवळशंख पाणी. देवानं एवढं निगुतीनं घडवलं आणि त्यात बारामती-इंदापूरकडची ही चौदा टाळकी आणून सोडली. तासाभरात एकानं बिअरचे डबे पाण्यात फेकून त्यांच्यावर नेम धरला, दुसरा कठड्याला टेकून ओकला आणि तिसरा उभ्यानंच समुद्रात मोकळा झाला. वर त्यानं त्याचा व्हिडिओही काढून घेतला.

बारामती एमआयडीसीतली एक पाइप कंपनी दरवर्षी जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना अशी फिरवून आणायची. निमगाव केतकीच्या सर्जेरावांना जोडीचं तिकीट मिळालं होतं. त्यांच्या बायकोला पाण्याची भीती, म्हणून तिच्या जागी त्यांनी भिमाला आणलं. भिमा पंचक्रोशीतला पाणबुड्या. विहिरीत मोटार पडली, पाइपच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला की भिमाला बोलावणं जायचं. कधी माणूसही काढावा लागायचा. मोटारीची तो मजुरी घ्यायचा, माणसाचा फक्त नारळ. सर्जेरावांच्या बुडून गेलेल्या धाकट्या भावाला सात वर्षांपूर्वी त्यानंच वर आणलं होतं. त्या दिवशी सर्जेराव भिमाच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून रडले होते.

त्यामुळं "पासपोर्ट काढायला चल" असा निरोप आला तेव्हा भिमाला वाटलं, माणूस विसरलेला नाही. बायको, ठमाबाई, म्हणाली होती, "एवढ्या मोठ्या लोकांत तुमचं काय काम?"

"काम न्हाय. पाव्हणा म्हणून चाललोय," भिमानं ऐटीत सांगितलं होतं. मग त्यानं नवा सदरा शिवून घेतला आणि भर बाजारात चार जणांना थांबवून तेच ऐकवलं.

"भिमा, हिकडं ये," सर्जेरावांनी खुर्चीतूनच हाक मारली. तो जवळ गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "गुरुजींनी मला पोवळं घालाया सांगितलंय. मंगळ लई कडक हाय. सोनाराकडलं खरं का खोटं, कुणाला ठावं? हितं तर खाली रानच्या रान उगवलंय. एक झ्याक फांदी मोडून आण."

"तात्या, त्यो गाईड नगं म्हणालाय हात लावाया. जित्तं असतंय म्हणं त्ये."

"त्यो पल्याड बसलाय, त्याला काय दिसतंय? आन् तुला आणलाय कशाला मग? आमची ही येत न्हाय म्हणल्यावर तिकीट मेव्हण्यालाच देणार हुतो. म्हणलं, पोवळं काढायला आपला माणूस बरा."

भिमाच्या तोंडात कडू पाणी आलं. ते थुंकावंसं वाटलं, पण त्या पाण्यात थुंकायची त्याला लाज वाटली. त्यानं ते गिळलं.

तरी तो उतरला. 'काढ' म्हटलं की उतरायचं, ही तीस वर्षांची खोड. गाईडनं दिलेला काचेचा मुखवटा त्यानं डोळ्यांवर चढवला, नळी काढून टाकली आणि दम भरून तळाकडं गेला.

विहिरीच्या गाळात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, तिथं हातच बघतात. इतक्या वर्षांत भिमानं पाण्याच्या आत काय असतं ते कधी पाहिलंच नव्हतं. आज दिसलं. जांभळी, पिवळी, मातकट झुडपं, त्यांतून पळणारे नखाएवढे निळे मासे. पाहत राहावं असं होतं. पण हात सवयीचा. त्यानं एक फांदी धरली आणि मोडली. आतले मासे उधळले.

बोटीवर त्या फांदीतून शेंबडासारखा चिकट रस गळायला लागला. उन्हात पाच मिनिटांत तिचा रंग उतरला आणि घाण सुटली. इंद्रजितनं नाक दाबलं.

"ह्ये कसलं पोवळं? लाल कुठं हाय?" सर्जेरावांनी ती पायाच्या अंगठ्यानं उलटून पाहिली आणि लाथेनं पाण्यात ढकलली. "वाया गेलं. भिमा, दुसरं बघ. लालभडक आण."

भिमानं तळहात हुंगला. तीच घाण. तीन-तीन दिवसांची प्रेतं त्यानं कवेत धरून वर आणली होती, तेव्हाही हाताची अशी किळस वाटली नव्हती. सर्जेरावांची वाटत होतीच, इंद्रजितची तर सकाळपासून, पण त्या सगळ्यांहून जास्त स्वतःच्या या हाताची. हुकूम सुटला की चालणारा हात. तो पुन्हा उतरला.

फांदी नांगराच्या साखळीशेजारी वाळूत पडली होती. त्यानं ती उचलली आणि मोडलेला बुडखा शोधला. ताजी जखम पांढरी दिसत होती. त्यानं फांदी तिच्यावर टेकवली. खाचेत खाच बरोबर बसली, पण हात काढला की कलायची. काळोख्या विहिरीत नुसत्या चाचपण्यानं फुटव्हॉल्व्ह बसवणारा भिमा, त्याला डोळ्यांदेखत एक फांदी बसवता येईना. त्यानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. छाती फुटायला आली तरी धरली. मग सोडावीच लागली. फांदी हळूच आडवी झाली.

वर आल्यावर त्यानं शिडीला हात घातला. सर्जेराव कठड्यावरून वाकले होते.

"गावलं का?"

"गावलं हुतं, तात्या," भिमा धापा टाकत म्हणाला. "जित्तं हुतं."