कागदाच्या डोंगरातला मुलगा

बालवाडीत गुरुवार म्हणजे कागदाचे प्राणी. बाकीच्या दिवशी मुलं कशीही यायची. कुणी रडत, कुणी पेंगत, कुणी एकाच पायात मोजा घालून. पण गुरुवारी दारातूनच विचारायची, "ताई, आज कोण?" आणि ताई "जिराफ" म्हणाली की जिराफाने स्वतः ऐकलं असतं तर पळून गेला असता, असा कल्ला व्हायचा.

पद्धत सोपी होती. जाड कागद मधोमध दुमडायचा आणि उघड्या कडेला अर्धा चंद्र कापायचा, की झाले चार पाय. घडी वर राहते, ती पाठ. मग डोकं चिकटवायचं. सोंड लावली की हत्ती, मिशा काढल्या की मांजर. कापलेले चंद्र जमिनीवर पडायचे आणि मावशी दुपारी ते झाडून न्यायची.

या वर्षी कागदाची चंगळ होती. दर सोमवारी वर्गाच्या दाराशी रंगीत कातरणांचा एक गठ्ठा असायचा, सुतळीने आवळून बांधलेला, कडा अशा सरळ की बोट कापेल. "कुणातरी पालकांचा छापखाना असेल," मावशी म्हणाली होती. "नाव सांगत नाहीत, म्हणजे भली माणसं." ताईने जास्त चौकशी केली नाही.

त्या गुरुवारी हत्ती होता. ताई टेबलांमधून वाकून फिरत होती. कुणाची सोंड शेपटीच्या जागी गेली होती, ती सोडवत होती. खिडकीजवळच्या टेबलाशी मुंगी बसली होती. मुंगी या वर्षी नवीन. पाच वर्षांची, भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून मुलांनीच तिला मुंगी करून टाकलं होतं. तिचा हत्ती तयार होता. पण आता ती खाली वाकून, कापून पडलेले दोन्ही चंद्र उचलून, दुमडून, हत्तीच्या पोटात आतून चिकटवत होती.

"अगं, ते टाकायचं असतं," ताई म्हणाली. "बघ, जड होऊन कलतोय तो."

"कलू दे." मुंगीने मान वर केली नाही. "त्याच्याच पोटातलं आहे ना? मग त्याला परत द्यायचं."

ताईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. हळूच ठेवली, कारण ती हातातून निसटणार होती. हेच वाक्य तिने अठ्ठावीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, शंभरदा ऐकलं होतं, पण एकाच तोंडून. त्याच्याच पोटातलं आहे ना, मग त्याला परत द्यायचं.

तो तिचा भाऊ होता. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. तो सहा वर्षांचा होता, ती दहाची. ती शाळेच्या प्रदर्शनासाठी कागदाचं प्राणिसंग्रहालय करत होती आणि तो मदतनीस होता, म्हणजे अर्धं काम वाढवून ठेवायचा. त्याने केलेला प्रत्येक प्राणी पोट भरलेला आणि एका बाजूला कललेला असायचा. ती ओरडायची आणि तो ते एकच उत्तर द्यायचा. एका दुपारी निळा कागद संपला. गल्लीच्या टोकाला रद्दीचं गोदाम होतं. तिथे दाबून बांधलेले कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असायचे आणि मागच्या फटीतून मुलं आत शिरायची. "जा, तिथून निळा घेऊन ये," ती म्हणाली. "आणि लगेच ये." दिवेलागणीला गोदामातल्या हमालांनी तिसऱ्या रांगेतले कोसळलेले गठ्ठे बाजूला केले, तेव्हा तो सापडला.

मी पाठवलं होतं, असं तिने सांगितलं होतं. सगळ्यांसमोर, त्याच संध्याकाळी. कुणी काही बोललं नाही. आईने तिला जवळ घेतलं आणि महिन्याभरात त्यांनी घर बदललं. त्यानंतर आईने घरात कागद साठू दिला नाही. वर्तमानपत्र वाचून झालं की त्याच दिवशी शेजारी जायचं.

"हे तुला कुणी शिकवलं?" ताईने मुंगीला विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"त्या मुलाने."

"कुठल्या मुलाने?"

"बाबांच्या गोष्टीतला आहे ना, तो." मुंगी डिंकाची बोटं फ्रॉकला पुसत होती. "तो कागदाच्या डोंगरात राहतो. त्याला बाहेर येता येत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तो आतून हाका मारतो. बाबा बाहेर उभे असतात."

त्या दिवशी ताईने मुलांना पंधरा मिनिटं लवकर डबे उघडायला लावले. मावशी म्हणाली, "ताप आहे का गं तुला? तोंड बघ कसं झालंय." ताई म्हणाली, डोकं दुखतंय. वर्गभर दोऱ्यावर हत्ती वाळत टांगले होते. पंख्याच्या वाऱ्याने बाकीचे गोल फिरत होते. मुंगीचा तेवढा कलून, एकाच दिशेला तोंड करून लटकला होता. ताई ज्या कोपऱ्यात जाई तिथून तिला तोच दिसे. शेवटी तिने तो उतरवला आणि कपाटात ठेवला. मग कपाटाकडे पाठ करून बसवेना, म्हणून पुन्हा टांगला.

पुढचे चार दिवस तिला घरीदारी तेच. नळाखाली बादली भरताना, बसची वाट बघताना, मागून कुणीतरी "ताई" म्हणायचं आणि ती वळायची. कुणी नसायचं, किंवा असायचं ते दुसऱ्याच कुणाच्या ताईला बोलावत असायचं. बावीस मुलं दिवसातून हजारदा तिला त्याच नावाने हाक मारत होती आणि इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक हाकेला ती आधी दाराकडे बघायची.

सोमवारी गठ्ठा आला. सगळ्यात वर निळा कागद होता. ताईने मुंगीच्या वहीत चिठ्ठी घातली: वडिलांनी येऊन भेटावं.

तो मंगळवारी आला, मुलं गेल्यावर. तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. पुढचे केस विरळ, हातात हेल्मेट, बोटांवर जुन्या कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"छापखान्यात असता का?" ताईने विचारलं.

"कटिंगला. कागद कापायच्या मशीनवर. मॅडम, आमच्या मुलीने काही केलं का?"

सगळे पालक तिला ताई म्हणायचे. हा मॅडम म्हणत होता.

तिने कललेला हत्ती त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचलला नाही. त्याच्या पोटात काय आहे ते बघितलंही नाही.

"तुम्हाला माहीत होतं मी कोण आहे ते," ती म्हणाली.

"प्रवेशाच्या दिवशीच. फॉर्मवर तुमची सही होती, आडनाव तेच. आणि ही भुवईवरची खूण. झोपाळ्यावरून पडला होतात, तेव्हा मी तिथेच होतो. आमचं घर तुमच्या मागच्या गल्लीत होतं." त्याने हेल्मेट खाली ठेवलं आणि परत उचललं. "मी आणि तो एका वर्गात होतो. बोलायचं ठरवून आलो होतो पहिल्या दिवशी. जमलं नाही. मग कागद आणून ठेवायला लागलो."

"तुम्ही त्याच्याबरोबर होतात."

"हो."

बाहेर मावशी बादल्या धूत होती. तो ते थांबायची वाट बघत राहिला. मग एकदम भरभर बोलला, घोकून ठेवल्यासारखं.

"निळा कागद मला दिसला होता, त्याला नाही. गठ्ठ्याच्या खालून जरासा बाहेर आला होता. तो म्हणाला, ओढू नको, वरचं हलतंय. मी ओढला. मी कडेला होतो, तो मध्ये होता. मी बाहेर पळालो. माझी एक चप्पल आत राहिली. घरी जाऊन पलंगाखाली लपलो. आई सगळीकडे शोधत होती, तरी बाहेर आलो नाही. कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर ती चप्पल ठेवलेली होती." तो थांबला. "मला वाटलं, तोच घेऊन आला. मॅडम, मी अजूनही सकाळी दार आधी थोडंसंच उघडतो."

"मुंगी म्हणते, तो हाका मारतो."

तो हेल्मेटचा पट्टा लावत-काढत राहिला.

"ते गोष्टीतलं आहे ना?"

"मी लगेच पळालो नाही," तो म्हणाला. "थोडा वेळ फटीपाशी उभा होतो. आतून आवाज येत होता. तो माझं नाव घेत नव्हता. तो..." त्याने तिच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. "मला तुम्हाला मॅडमच म्हणू द्या. तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही."

ताईला समजलं. ती उठली, खिडकीशी गेली आणि उगाचच पडदा सरकवला. तिला त्याला मारावंसं वाटलं. सहा वर्षांच्या पोराला नव्हे, या खुर्चीत न मावणाऱ्या माणसाला. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की तो थंडी वाजल्यासारखा कापतोय. यातलं कुठलंच एक दुसऱ्याला पुसत नव्हतं.

"मुलीला ही गोष्ट का सांगता?" तिने पाठमोरीच विचारलं.

"तिने एकदा विचारलं, बाबा, तुमचा पहिला मित्र कोण? मी सुरुवात केली. आता ती रोज मागते. मला शेवट येत नाही."

ताई घरी पोचली तेव्हा आई शिलाई मशीनवर बसली होती. शेजारणीच्या मुलाचा शर्ट आखूड करत होती. साठी उलटली तरी सुईत दोरा एका फटक्यात ओवायची. ताईने पर्ससुद्धा ठेवली नाही.

"आई, त्या दिवशी धाकट्याबरोबर अजून एक मुलगा होता."

मशीन थांबलं नाही. शिवण टोकापर्यंत गेली, आईने दोरा तोडला, मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"गोदामवाल्यांनी त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. पोराचे पाय दोन, आणि चपला तीन." आई शर्टाची घडी घालत होती. "तिसरी चप्पल कुणाची ते मला कळलं. ती जोडी मी त्या पोराच्या पायात रोज बघत होते. पहाटे नेऊन त्यांच्या दारात ठेवली."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? माझं एक पोर गेलं होतं. त्या बाईचं पोर जिवंत होतं, पण तोंड उघडलं असतं तर गल्लीने त्याला जगू दिलं नसतं. सहा वर्षांचं लेकरू ते."

"आणि मी?"

"तुझं काय?"

"मी दहा वर्षांची होते, आई. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी पाठवलं. तुला माहीत होतं की आत दोघं होते, काहीतरी वेगळंही झालेलं असेल. एकदा तरी सांगायचंस."

"तुला कुणी कधी काही बोललं का? मी एक शब्द बोलले का?"

"कुणीच बोललं नाही," ताई म्हणाली. "तेच तर."

घडी घातलेला शर्ट आईने पुन्हा उलगडला. तिचे हात कधी असे रिकामे राहत नसत. मग तिने चष्मा काढला आणि मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं, विषय काढला की तुला आठवेल."

ताईला हसू आलं. ती आईच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसली. आईने तिच्या केसांत हात घातला. बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

"कुठे भेटला तो तुला?"

ताईने सांगितलं. मुंगीचं, कागदांचं, कटिंग मशीनचं. पलंगाखाली लपल्याचंही सांगितलं. आई ऐकत होती. मग तिने तो प्रश्न विचारला. तो येणार हे ताईला बसमध्येच कळलं होतं.

"शेवटी काही बोलला का तो? धाकटा?"

"नाही," ताई म्हणाली. "एका क्षणात झालं सगळं. त्याला कळलंसुद्धा नसेल."

आईने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, ताईला ओळखता आलं नाही. त्या रात्री आई जेवली, आणि जेवताना अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, मीठ मागावं तशा आवाजात, म्हणाली की धाकट्याला वांगी आवडायची नाहीत.

पुढच्या सोमवारी तो गठ्ठा घेऊन आला तेव्हा ताई दारातच होती. त्याने विचारलं, मुंगीला दुसऱ्या शाळेत घालू का? ती म्हणाली, नको, तिचं इथे बस्तान बसलंय. त्याने विचारलं, तुमच्या आईंना सांगितलंत? ती म्हणाली, सांगितलं. थोडं ठेवून सांगितलं. काय ठेवलं, ते त्याने विचारलं नाही.

आता मुंगीला न्यायला बहुतेक तोच येतो. मुलं एकेक करून घरी जातात, मुंगी चपलेचा पट्टा लावत बसते आणि तो फाटकाशी उभा असतो. त्या मिनिटाभरात रोज ताईच्या जिभेवर एकच प्रश्न येतो. थोडा वेळ उभा होतो, असं तो म्हणाला होता. थोडा म्हणजे किती? आवाज थांबला म्हणून तो पळाला, की तो पळाला तेव्हाही आवाज येत होता? उत्तर त्याच्यापाशी आहे. तिला दिसतं की प्रश्न काय आहे हे त्यालाही ठाऊक आहे, कारण मुंगीने बोट धरून ओढलं तरी तो लगेच वळत नाही. ती विचारेल म्हणून जरा थांबतो.

ती विचारत नाही. कुठल्यातरी पोराच्या दप्तराची चेन लावायला खाली वाकते. वर बघते तोवर फाटक रिकामं असतं.