ट्यूबखाली हिरवा पडणारा चेहरा

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बुवांनी पडदा ओढला, ट्यूब लावली, आणि भिंतीवरच्या फोटोतला नुकत्याच गेलेल्या म्हाताऱ्याचा करडा चेहरा हिरवट पडला.

"बघा!" बुवा गरजले. "विष भिनलंय! दिवसा आत्मा ते लपवतो, माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही!"

"अगं बाई, खरंच हिरवं गं!" शेजारीण म्हणाली.

"औषध कोण द्यायचं यांना?" बुवांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना थोरल्या सुनेकडे वळल्या. दोन वर्षं सासऱ्याचं सगळं तिनंच केलं होतं.

"बॅग भर," सासू म्हणाली. "आजच माहेरी जा."

धाकटा मुलगा दाराशी उभा होता. फोटो छापणं हा त्याचा धंदा. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, तरी त्याला रडू आलं नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. आताही तो हिरवा चेहरा बघून त्याच्या मनात एवढंच आलं, की हा फोटो आपणच छापलाय.

"वहिनी, तासभर थांब," म्हणून तो दुकानात गेला. परतला तो दोन फोटो घेऊन. पहिला बुवांच्याच पत्रकावरचा, बाबांच्या फोटोसारखाच छापलेला. खिडकीपाशी बुवा छान करडे दिसले. ट्यूबखाली धरलं, बुवा हिरवेगार!

"अय्या, बुवा," शेजारीण म्हणाली, "तुम्हाला कुणी हो विष घातलं?"

माणसं हसली. धाकटा हसला नाही.

"ब्लॅक अँड व्हाइट फोटोला काळी आणि करडी शाई लागते. बाबा गेले त्या दिवशी ती संपली होती. लोक यायच्या आत फोटो लावायचा होता, म्हणून मी रंगीत शाईवर भागवलं. निळी, गुलाबी, पिवळी मिसळून मशीन करडा रंग बनवतं. उन्हात तो खपून जातो, ट्यूबच्या उजेडात हिरवा मारतो. चूक माझी आहे, वहिनीची नाही."

"परवा बुवा एकटेच या खोलीत बसले होते," वहिनी सावकाश म्हणाली. "ट्यूब दहादा लावली-बंद केली. मला वाटलं, ट्यूब बिघडलीय."

बुवांना एकदम दुसरीकडचं बोलावणं आठवलं. चप्पल घालतानाही पुटपुटत होते, "शाईतसुद्धा शक्ती असते..."

दुसरा फोटो बाबांचा, नुसत्या काळ्या-करड्या शाईतला. ऊन, ट्यूब, कुठेही धरा, बाबा तसेच करडे.

"बॅग ठेव गं आत," सासू खाली बघत म्हणाली.

"ठेवते. पण आई, दोन वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर होते. आणि तुम्ही ट्यूबचं ऐकलंत?"

धाकट्यानं नवा फोटो खिळ्याला अडकवला, सरळ केला. रडू तेव्हाही आलं नाही.

तुमच्या घरी असा चमत्कार झाला तर आधी विचारा, हे आणखी कशानं होऊ शकतं? स्वतः करून बघा. कुणाला घराबाहेर काढायचं ते मग ठरवा.