उत्तरपत्रिकेवरच्या सह्या

"मावशी, या सह्या कशाला केल्यात?" गणिताच्या सरांनी उत्तरपत्रिका मावशींपुढे धरली. मोठ्या माणसांच्या वर्गातला मावशींचा नववीचा पहिलाच पेपर आणि त्यात अकरा ठिकाणी त्यांची झोकदार सही, शेजारी वेळसुद्धा. तीन वाजून वीस. तीन वाजून बेचाळीस.

मावशींना प्रश्नच कळेना. हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात त्या बावीस वर्षांपासून मदतनीस होत्या. पेशंट पाणी किती प्यायला, ताप किती आहे, हा तक्ता त्याच भरायच्या. तिथे चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा आणि सही, वेळ टाकायची. हाताला लागलेली सवय, परीक्षेपुरती कशी सुटणार?

सरांनी कपाळाला हात लावला. सही दिसली की पेपर रद्द, हा नियम त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिला होता. मावशींनी तो वहीत उतरवूनही घेतला होता. पण तो फक्त पहिल्या पानापुरता असणार, असं त्या आपलं धरून चालल्या होत्या.

खरी पंचाईत पुढेच होती. मावशींना नर्सिंग कॉलेजला जायचं होतं. लेक स्वतः कॉलेजात. तिने प्रवेशाची सगळी माहिती वाचून आईला बजावलं होतं की ते लोक नुसती शेवटची परीक्षा बघत नाहीत, नववीपासूनचा प्रत्येक पेपर धरतात, तेव्हा सुरुवातच दणक्यात कर. मावशींनी ते मनावर घेतलं. कायमची सकाळपाळी मागून घेतली, दुपारी मोठ्या माणसांच्या वर्गात पहिला बाक धरला, बसमध्ये उभ्याने समीकरणं सोडवली. वॉर्डातल्या सिस्टर चेष्टा करायच्या, तुम्ही नर्स होईपर्यंत आम्हीच पेशंट होऊ म्हणायच्या. या की, खिडकीजवळची खाट राखून ठेवते, असं मावशी हसून सांगायच्या.

आणि आता पहिल्याच पेपराला भोपळा.

सर भला माणूस. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पेपर झकास लिहिलाय हो. पंचवीसपैकी एकवीस. या सह्यांवर काळी शाई फिरवा, मी काही पाहिलं नाही. फेरपरीक्षा दिलीत तर मिळतील त्याचे निम्मेच धरतात."

त्यांनी पेन पुढे केलं आणि मावशींनी ते घेतलंही. खोटं कशाला सांगा, मोह झाला. लहानपणी शाळेत गणिताने त्यांना कायम रडवलं होतं, आणि आज एकवीस! पेन पहिल्या सहीवर टेकलं आणि तिथेच अडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी तक्त्यावरचा एक आकडा घाबरून असाच गिरगटला होता. खाली काय होतं ते कुणालाच वाचता येईना, डॉक्टरांसकट सगळा वॉर्ड धावत सुटला. पेशंट वाचला, पण तेव्हापासून मावशींनी कधी काही गिरगटलं नाही.

"नको सर," त्या म्हणाल्या. "रद्दच करा. मी पुन्हा देते."

घरी लेकीने चांगलंच झापलं, एवढा सरळपणा कुणी सांगितलाय म्हणाली. मग जेवणं झाल्यावर तिनेच वीस गणितं काढून दिली आणि शेजारी बसून राहिली.

फेरपरीक्षेत मावशींना चोवीस पडले. सरांनी मार्कांच्या वहीत बारा लिहिले आणि चुकचुकले.

"कॉलेजवाल्यांना हे बाराच दिसणार हो, मावशी."

"दिसू देत की. माझेच आहेत."

मावशींनी वही आपल्याकडे वळवून घेतली. आपलं पूर्ण नाव वाचलं, त्यापुढचे बारा मार्क नीट पाहिले आणि बाकीच्या रिकाम्या रकान्यांवरून वर्षाच्या शेवटापर्यंत बोट फिरवलं. मग वही सरांना परत दिली आणि पुढचा धडा कधी सुरू करताय ते विचारलं.