पान एक्केचाळीस

“बंद खोलीत जळते निखारे ठेवून कधीही झोपू नये.”

माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर असे छापलेले आहे. ललिताबाईंनी ते वाचले आणि त्या हसून म्हणाल्या, “हे मोठ्या बंगल्यांसाठी असन. आमच्या कुडाच्या भिंतीत तं मांजर शिरन एवढ्या फटी!” आणि त्यांनी पान उलटले.

मित्रांनो, मी हवेविषयीचे एक जुने पुस्तक आहे. माझे लेखक रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी जन्मभर प्रयोगशाळेत वायू तपासले. आपल्याला कळले ते घराघरात कळावे, म्हणून म्हातारपणी सोप्या मराठीत मला लिहिले. १९५३ साली नागपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. अमरावतीच्या कॉलेजात शिकलेल्या ललिताबाई लग्न होऊन इंझोरीला आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांत मीही होते.

दुपारी त्या मला मोठ्याने वाचत. त्यांची नणंद पंचफुला गहू निवडता निवडता ऐके.

“वयनी, हवेले वजन असते म्हन्ता? मंग हे घागर कायले उचलू मी? डोक्यावर हवा काय कमी हाय!”

किती हसायची ती! माझ्या मुखपृष्ठावर तिच्या हळदीच्या बोटाचा ठसा अजून आहे.

पुढे तिचे लग्न झाले, आणि एका हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. थंडी फार होती. तिच्या आईने, कस्तुराबाईंनी, बाळंतिणीची खोली शेणामातीने नव्याने लिंपून घेतली. एक फट उरू दिली नाही. दाराला पोते लावले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी त्याच खोलीत सटवाईची पूजा मांडली. सटवाईने बाळाचे नशीब लिहावे म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवली. कागदाखाली आधाराला मला ठेवले, आणि मग मी तिथेच कोनाड्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीबाई दाईने पंचफुलाला न्हाऊ घातले आणि शेकासाठी बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले सरकवले. बाळाला घेऊन कस्तुराबाई ओसरीवर उन्हात बसल्या.

“वयनी, डोकं लय दुखून राह्यलं. दार उघडता काय जराक?”

“नको उघडू वं!” कस्तुराबाई बाहेरून म्हणाल्या. “वारं शिरन तिच्या अंगात.”

ललिताबाई दाराशी थबकल्या. नव्याने लिंपलेल्या भिंतीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा. मग म्हणाल्या, “झोपा जराशा. बरं वाटन.” आणि पोते ओढून घेतले.

माझी पुढची ओळ होती, ‘आधी डोके दुखते, मग झोप येते. निखाऱ्यांच्या या विषारी वायूला रंग नाही, वास नाही.’ पण मी मिटलेले होते. मित्रांनो, पुस्तकाला आपले पान आपण उलटता येत नाही.

दुपारी बाळ भुकेने रडू लागले, तेव्हा ललिताबाईंनी पोते सारले. पंचफुला उठली नाही.

गाव म्हणाले, बाहेरची बाधा झाली. ललिताबाईंनी मला कोनाड्यातून काढले. त्यांनी ते एकच पान इतक्या वेळा उघडले, की माझी शिवण तिथे उसवली. आता मला कुठूनही उघडा, मी तिथेच उघडते. ती पोर त्याच वाढवतात. आता त्यांना स्वतःचाही मुलगा आहे. कोणी जरा गाढ झोपले, की त्या नाकाशी बोट धरून पाहतात. पुन्हा पाहतात.

मला जपा असे मी म्हणत नाही. वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्या आळीत थंडीच्या दिवसांत कोणी बाळंतीण निखारे ठेवून, दार लावून निजली असेल, तर मला खाली ठेवा आणि आधी तिच्याकडे जा. आतली माणसे रागावतील. रागावू द्या. दार उघडा, तिला हलवून जागे करा.