लिफ्टमास्तरांचा प्रोसेसर

"पण कॅश मेमरीचं काय?" लिफ्टमास्तरांनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. डावा कान चांगलाच तापला होता. "कोअर दोन जास्त दिलेत, मान्य. पण कॅश तेवढीच ठेवलीय त्यांनी. मग गेमला काय फायदा?"

पलीकडून पोरगा जोरात हसला. "बाबा, तुम्ही व्हिडिओ बघितलात!"

"बघितला म्हणजे काय, दोनदा बघितला. तो टोपीवाला म्हणतो, निळ्या कंपनीचा घ्या. आणि तो बारीक आवाजाचा आहे ना, तो म्हणतो, लालवाल्यांची पुढची पिढी येतेय, जरा कळ काढा."

"टोपीवाल्याचं काही ऐकू नका. त्याला माल फुकट मिळतो."

"तेच म्हणतोय मी. आणि किती वॅट खातो ते बघितलंस का? प्रोसेसर नाही तो, शेगडी आहे. वर पातेलं ठेवलं तर चहा होईल."

"मग काय करूया? थांबूया?"

मास्तरांनी विचार केल्यासारखा वेळ घेतला. खरं तर उत्तर त्यांनी सकाळी दाढी करतानाच ठरवून ठेवलं होतं. "थांबूया. पुढच्या वेळी प्रोसेसर बसतो ते सॉकेटच बदलणार म्हणतात. आत्ता घेतला आणि उद्या बोर्ड बाद झाला तर कुणाच्या नावाने बोंब मारायची? घाई नको."

"बरं. पुढचा आला की बोलूच मग."

"बोलूच."

फोन ठेवला तर स्वयंपाकघराच्या दारात मास्तरीणबाई हात पुसत उभ्या. "काढलीत या वेळचीही खुसपटं?"

"खुसपटं काय? एवढी वस्तू घ्यायची म्हणजे चारी बाजूंनी बघायला नको?"

"मला नव्हतं एवढं बघितलंत."

"तेव्हा पुढची पिढी येणार आहे असं कुणी सांगितलं नव्हतं."

बाईंनी ओलं फडकं त्यांच्या अंगावर फेकलं.

लिफ्टमास्तर हे नाव गल्लीने ठेवलेलं. माणूस तसा साधा मेकॅनिक. सगळी हयात लिफ्टखालच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेली. अंगाला ग्रीसचा वास असा मुरलेला की साबणाने हात टेकले होते.

या धंद्यात शिरले तेव्हा वस्तादाने पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पाना दिला नाही. एकच गोष्ट सांगितली. लिफ्ट मध्येच अडकली आणि आत माणूस असला, तर आधी दाराशी जायचं आणि त्याच्याशी बोलायचं. हत्यारं नंतर. आतला माणूस गप्प झाला की घाबरतो, घाबरला की दाराशी झटापट करतो, आणि मग नको ते होतं. त्याला बोलतं ठेवायचं. काहीही विचारायचं. नोकरी कुठे, पोरंबाळं किती, पायातले बूट कुठून घेतले.

मास्तर यात पटाईत झाले. जोडीदार वर मशीनरूममध्ये खटपट करायचा आणि मास्तर बंद दाराला कान लावून गप्पा मारायचे. एकदा एक वकील अडकला. मास्तरांनी त्याला चालू खटल्याबद्दल विचारलं. लिफ्ट सुटली, दार उघडलं, तरी वकील आतच उभा. म्हणाला, थांबा, माझा मुद्दा पुरा होऊ द्या.

एवढा बोलका माणूस, पण घरात ही विद्या फुकट. पोरगा मोठा होत गेला तसं बापलेकांचं बोलणं आटत गेलं. कुणी रुसलं नाही, भांडण नाही, काही नाही. नुसतं आटलं. "आलास?" "हो." "अभ्यास?" "झाला." संपलं.

मध्ये एक दिवस तेवढा वेगळा आला होता. पोरगा तेव्हा शाळेत होता. कुठून कुठून सुटे भाग जमवून त्याने कॉम्प्युटर जोडायला घेतला. जुनी चादर अंथरून त्यावर सगळी मांडामांड. पंख्याचे स्क्रू आवळताना मास्तरांना राहवलं नाही. "अरे थांब. एक इकडचा आवळ, मग त्याच्या समोरचा. एकाच बाजूने आवळत गेलास तर वाकडं बसेल. लिफ्टच्या मोटरलाही असंच करतात." पोराने मान वर करून बघितलं. बापाला आपल्या कामातलं काही कळतं, हे त्याला नवीनच होतं. मग दिवसभर दोघं त्या चादरीवर. पडद्यावर पहिली अक्षरं उमटली तेव्हा पोराने चक्क टाळी मागितली.

त्यानंतर कितीतरी वर्षं संध्याकाळी भिंतीपलीकडून गेममधल्या गोळ्यांचा आवाज यायचा. दारात मित्रांच्या चपलांचा ढीग. "जाड्या, मागे बघ, मागे!" "चष्मिस मेला रे!" मास्तरीणबाई ओरडायच्या, "मेला काय म्हणता, त्याच्या आईने ऐकलं तर?" महिन्यातून एकदा मास्तर सायकलचा पंप घेऊन जायचे आणि कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ उडवून द्यायचे. त्यांचा सहभाग तेवढाच. पण त्या पंपाच्या निमित्ताने पोराच्या खोलीत जायला मिळायचं.

मग पोरगा नोकरीला लांब गेला. भाड्याच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून कॉम्प्युटर इथेच राहिला. नंतर नेतो म्हणाला. घरात शांतता झाली. फोन यायचा, पण त्यात काही दम नसायचा. तब्येत, पाऊसपाणी, ठेवू का.

आणि एकदा असंच काहीतरी बोलायचं म्हणून मास्तर म्हणाले, "अरे, नवीन प्रोसेसर आलाय म्हणे." पेपरात कोपऱ्यात कुठेतरी वाचलं होतं. झालं! पोरगा जो सुटला तो सुटलाच. कामावरून खोलीवर पोचला तरी बोलत होता. जिन्यावरची पावलं ऐकू आली, कुलूप उघडल्याचं ऐकू आलं, तरी बोलत होता.

मास्तरांनी ओळखलं. दार सापडलं होतं.

मग ते शिकायला बसले. आपल्या पद्धतीने. आठ कोअर म्हणजे इमारतीला आठ लिफ्ट. पण माणूस एकच आला तर सात लिफ्ट नुसत्या उभ्या. कॅश म्हणजे कमरेची पिशवी. हत्यार पिशवीत असलं तर हात घातला की मिळतं, नाहीतर खाली गोदामापर्यंत पायपीट. दर नव्या पिढीला ते बसून सगळं बघायचे, आणि बघता बघता एक तरी खोट हुडकून काढायचे. कधी तापतो, कधी बोर्ड बदलावा लागतो, कधी रॅमही नवी लागते. कारण घेतला की विषय संपला. आणि विषय संपला की पुन्हा तब्येत, पाऊसपाणी, ठेवू का.

लालवाल्यांची पुढची पिढी आली. मास्तर तयारच होते. या वेळची खोट त्यांनी आधीच शोधून ठेवली होती.

पण फोन उचलल्या उचलल्या पोरगाच म्हणाला, "बाबा, घेतला."

"काय घेतला?"

"प्रोसेसर! बोर्ड, रॅम, सगळं. शनिवारी घेऊन येतो. आपण दोघं बसवू."

"अरे पण... ग्राफिक्स कार्ड जुनंच आहे आपलं. ते ह्याला पुरं पडायचं नाही. त्यापेक्षा..."

"तेही घेतलं."

"वा," मास्तर एवढंच म्हणाले.

जेवताना बाईंनी विचारलं, "पोरगा येतोय आणि तुमचं तोंड असं का उतरलंय?"

"कुठे काय."

"मला शिकवू नका."

मास्तरांनी ताटातलं बोटाने इकडचं तिकडे केलं. "हे झालं की मग फोनवर काय बोलायचं गं त्याच्याशी?"

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

शनिवारी पोरगा आला. आईने त्याला आधी जेवायला बसवलं, वाळलास म्हणाली, पुन्हा वाढलं. मग बापलेक खोलीत गेले आणि चादर अंथरली. जुनी मशीन उघडताना पोरगा वाकला आणि मास्तरांना त्याचा टाळूवरचा भाग दिसला. केस विरळ झाले होते तिथले. कधी झाले?

जुना प्रोसेसर निघाला. त्याच्या पोटाला पिना होत्या, ब्रशसारख्या. नव्याचं पोट सपाट, नुसते सोनेरी ठिपके. पिना आता बोर्डात, केसासारख्या बारीक.

"बाबा, तुम्ही बसवा."

"मी? माझी बोटं बघ."

"बसवा हो. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा."

मास्तरांनी तो चौकोन दोन बोटांत धरला. खाली त्या नाजूक पिना. हाताला हल्ली थोडा कंप होता, घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्ता हा सुटला, तर कुणी एक शब्द बोलणार नव्हतं. दोन पिना वाकतील, बोर्ड जाईल परत, मग महिनाभर फोनवर बोलायची सोय. आणि तोपर्यंत कुणास ठाऊक, पुढची पिढीही येईल.

श्वास रोखून त्यांनी तो बरोबर जागेवर ठेवला. ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पुढचं पोराने भराभर केलं. पंखा बसवताना एक स्क्रू इकडचा, मग त्याच्या समोरचा. कुणी सांगितलं नव्हतं. तासाभरात सगळं आटोपलंसुद्धा. बटण दाबलं आणि पडदा लगेच उजळला. मास्तरांनी कान जवळ नेला. आत काही चाललंय असं वाटतच नव्हतं.

"लाव आता तुझा गेम," मास्तर म्हणाले. "बघू तरी एवढं काय ते."

"माझा? बाबा, मी गेम सोडून जमाना झाला. खोलीवर पोचेपर्यंत डोळे मिटतात माझे."

"मग?"

"मला वाटलं तुम्ही खेळता."

"मी? मला माउस धरला की घाम फुटतो!"

"मग ते कॅश, वॅट, सॉकेट... ते कशाला?"

"तूच तर बोलत सुटायचास!"

"तुम्ही विचारायचात म्हणून! तुम्हाला फोन करायच्या आधी मी बसमध्ये व्हिडिओ बघत यायचो. म्हटलं, बाबांना म्हातारपणी एवढा एकच नाद लागलाय, त्यात आपण अडाणी नको ठरायला. आणि या वेळी वाटलं, किती वर्षं नुसतं बघत बसणार बिचारे. घेऊनच टाकू."

दारात बाई उभ्याच होत्या. "दोघांनी मिळून घोडा सजवला, आणि बसायला कुणी नाही!"

मग जे हसले तिघं! पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांना ठसका लागला. "परत घेतील का रे?" त्यांनी कसंबसं विचारलं. "सील फोडलं ना बाबा," पोरगा म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला.

हसणं ओसरलं. बाई आत गेल्या. मास्तर मनातल्या मनात काहीतरी विचारायला शोधू लागले. सापडत नव्हतं. जे आठवत होतं ते सगळं प्रोसेसरबद्दलचं होतं, आणि प्रोसेसर तर बसला होता.

"थांबा, एक बघू," पोरगा म्हणाला. त्याने तो जुना गेम शोधून घातला. नाव आठवलं, पासवर्ड दोनतीनदा चुकला, मग लागला. पडद्यावर त्याचा शिपाई उभा राहिला. तीच हिरवी टोपी, तोच फाटका कोट. बाजूला मित्रांची नावं होती, सगळी करडी. जाड्या. चष्मिस. समोर लिहिलं होतं, कैक वर्षांपूर्वी येऊन गेले.

"जाड्या कुठे असतो आता?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही." पोराने माउस त्या नावांवरून फिरवला. मग उठून त्याने मास्तरांना खुर्चीवर बसवलं. "बसा इथे. हे बटण पुढे, हे मागे. बाकी कशाला हात लावू नका."

"आणि नुसतं उभं राहिलं तर?"

"तर गेम बाहेर हाकलतो. रिकामटेकडे नको असतात त्यांना." तो पाठ मोकळी करायला मागे कॉटवर आडवा झाला. "तिकडे झाडी आहे बघा, तिथे आम्ही लपायचो... चष्मिसला कधी दिसायचोच नाही... तुम्ही काय करायचं, आधी..."

पुढे काही आलं नाही. मास्तरांनी वळून बघितलं. पोराला झोप लागली होती. हात कपाळावर, तोंड किंचित उघडं, पायात अजून मोजे.

पडद्यावर माळावर ऊन पडलं होतं. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकायला लागली. खेळाडू हलला नाही तर बाहेर काढण्यात येईल.

मास्तरांनी खुर्ची आवाज न करता पुढे ओढली. चष्मा पुसला. एक बोट हळूच दाबलं. शिपाई चार पावलं पुढे गेला. लाल अक्षरं विझली. मग दुसरं बोट. चार पावलं मागे आला.

बाहेर दुपार कलत होती. बाई चहाचे कप घेऊन दारापर्यंत आल्या, क्षणभर थांबल्या आणि तशाच मागे वळल्या. मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते पडद्याच्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसले होते. अक्षरं उमटली की बटण दाबायचे, आणि पोराचा शिपाई त्या उन्हात चार पावलं पुढे जायचा, चार पावलं मागे यायचा.